तीन कड्यांची शेगडी

भांडी बाजारात शेगडी घ्यायला निघालो तव्हा पोरगा म्हणला, "आई, तू नुसती बघ. बोलू नको." मी म्हणलं, बरं. पण माझा निम्मा जन्म आगीपुढं गेलाय. शेगडीच्या दुकानात माझं तोंड गप राह्यचं नाय, हे त्याला बी ठावं व्हतं. नायतर दुखऱ्या गुडघ्याच्या म्हातारीला रिक्षात घालून कशाला नेतंय कुणी.

शेगडी पाहिजे व्हती बिअर करायला. तुम्ही म्हणाल, म्हातारीच्या गळ्यात तुळशीची माळ आन अंगणात दारू? मी बी तेच म्हणलं व्हतं. पण त्याच्या आधीचं सांगते, म्हणजे कळंल.

माझा नवरा लग्नाच्या सैपाकात भट्टीवर व्हता. आचाऱ्याची टोळी असती ना, त्यात. मी त्याच टोळीत पुऱ्या लाटायची. मांडवाच्या मागं आमचा संसार. पुढं वाजंत्री वाजायची आन मागं आम्ही धुरात. ती भट्टी म्हणजे उंच, तीन लोखंडी पायांची. खाली गॅस इतक्या जोरात सुटायचा की शेजारचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येत नसं. आम्ही हातानंच बोलायचो. मीठ पाहिजे तर चिमूट दाखवायची, पाणी पाहिजे तर ओंजळ.

दिंडोरीकडच्या एका लग्नात मांडव रानात घातला व्हता. नांगरलेली जमीन, वरून नुसतं पाणी मारलेलं. भट्टीचा एक पाय खचला. कढई तापल्या तेलानं भरलेली व्हती. मी पाठमोरी व्हते, लाटत व्हते. भट्टीच्या आवाजात त्याचं ओरडणं बी मला लगेच ऐकू आलं नाय.

तो लगेच गेला नाय. आख्खा पावसाळा काढला त्यानं, थोडा दवाखान्यात, थोडा घरात, केळीच्या पानावर निजून. दिवाळीच्या तोंडावर गेला. लग्नसराई लागली तसं मी परत लाटणं हातात घेतलं. दुसरं येत काय व्हतं? पण एक केलं. पोरगं तव्हा साळंत जायचं, त्याला म्हणलं, "तू काय बी कर, हमाली कर, पण भट्टीपुढं उभं राह्यचं नाय." त्याला मी कव्हाच टोळीसंगं नेलं नाय. उरलेलं अन्न घरी आणून द्यायची, पण मांडवात नाय.

पोरगं बारावी झालं आन विंचूरकडं वाईनच्या कंपनीत लागलं. आधी टाक्या धुवायला. मग रस आंबतो तिथं देखरेखीला. लय वर्षं केलं त्यानं. घरी यायचा तर अंगाला द्राक्षाच्या चोथ्याचा वास. मला तो वास बरा वाटायचा. तेलाचा नव्हता ना. मग कंपनी दुसऱ्यानं घेतली, नवी मशीन आली, निम्मी माणसं घरी. त्यात हा. मग अंबडला ठेकेदाराकडं गेला, तिथलं बी काम सुटलं. मग नुसतंच फिरणं. चाळिशी उलटलेल्या माणसाला कोण ठेवतं? एका ठिकाणी तर पोरसवदा साहेब त्याला म्हणला, "काका, उभ्यानं जमेल का तुम्हाला?" घरी येऊन त्यानं ते हसत हसत सांगितलं. सून हसली नाय. मी बी नाय.

तशातच टोळीचा निरोप आला. जुना आचारी गेला, आता त्याचा लेक टोळी चालवतो. त्यानं सांगून धाडलं, "मावशी, पोराला पाठवा. भट्टीवर माणूस पाहिजे." मी म्हणलं, बघते. एवढंच म्हणलं. सून माझ्याकडं बघत व्हती. ती द्राक्षाच्या पॅकिंगला जाती, तिच्या एकटीच्या जिवावर किती दिवस चालणार? तिचं बी खोटं नव्हतं.

तव्हाच पोराला एका हॉटेलातलं काम कळलं. गावाबाहेर मोठं हॉटेल हाय, तिथं बिअर तिथंच बनवत्यात. काचेच्या मागं चकचकीत टाक्या. तिथं बिअर बनवणारा जो माणूस हाय, त्याला हाताखाली एक जण पाहिजे व्हता. पोरगा जाऊन भेटला. तो म्हणला, "वाईनचं तुम्हाला कळतं, दादा. पण वाईन उकळावी लागत नाय. बिअरचा सगळा जीव उकळण्यात असतो. एक छोटा घाणा घरी करून आणा. चव बघून ठरवू." आन सामान त्यानंच दिलं. एक पोतडी मोड आणून भरडलेले जव आन एका पुडीत हिरवी वाळलेली फुलं, कडूजहर. एकाच घाण्यापुरतं. आणिक दोघं-तिघं त्या जागेवर टपून व्हते, त्यांना बी तसंच दिलं असंल.

म्हणजे असं. घाणा जमला तर हॉटेलातलं काम. नाय जमला तर भट्टी. मधे तिसरं काय नव्हतं. म्हणून मी माळंचं बोलणं सोडून दिलं आन शेगडी घ्यायला गेले.

घरातली शेगडी का नाय, तर त्यावर पिंपाएवढं पातेलं बसतच नाय. विजेचं कॉईल लावावं तर मीटर घरमालकाचं. आम्ही पंचवटीत त्यांच्या मागल्या दोन खोल्यांत राहतो. समोर अंगण, तुळस, नळ. मी म्हणलं, "तीन दगड मांडते, चूल पेटवते. फुकटात व्हईल." तो म्हणला, "धुराचा वास लागंल, आई. त्यांना एका घोटात कळतं." मग बाहेरची गॅसची शेगडीच उरली. आन कुणाला सांगायचं नाय म्हणला, घरी बिअर करायला सरकारची परवानगी लागती.

दुकानदार वळखीचा नव्हता पण बोलका व्हता.

"या मावशी. काय दाखवू?"

"शेगडी. अंगणात ठेवायची."

"किती माणसांचा स्वयंपाक?"

पोरगा काय सांगंल बिचारा. मी म्हणलं, "सत्यनारायण हाय. पन्नासेक माणूस."

पोरगा माझ्या तोंडाकडं बघतच राह्यला.

"मग ही घ्या," दुकानदार म्हणला, आन त्यानं काय काढावं? उंच, तीन पायांची. नवी कोरी, पण तीच. "हाय प्रेशर. अख्ख्या गल्लीची कढी उकळेल." त्यानं नळी जोडून पेटवून बी दाखवली. ती जशी ओरडली तसा माझा हात आपसूक पदराकडं गेला. पदर खोचला मी. अजून जात नाय ते.

पोराचं तोंड मात्र उजळलं. माझ्या कानाशी येऊन म्हणला, "आई, हीच. तासभर खळखळ उकळी पाहिजे, मधे दम नाय तुटला पाहिजे. हिच्यावर डोळं झाकून येईल."

"नाय."

"का पण?"

"पाय बघ हिचे."

दुकानदार हसला. "पाय काय बघता मावशी, सून करून न्यायची का हिला?"

मी म्हणलं, "सून वाकडी निघाली तर निभावून नेता येतं, बाबा. ही वाकडी झाली तर काय करू?"

त्याला काय कळणार. तो हसला. पोरगा नाय हसला. बापाचं सगळं त्याला आठवत असंल का नाय, मला माहीत नाय. आम्ही ते बोलत नाय.

मग बाकीच्या बघितल्या. एक घासलेटाचा पंपाचा स्टोव्ह टांगला व्हता, पण घासलेट मिळतं कुठं आता. एक इवलीशी व्हती, चहाच्या टपरीवर असती तशी, तिच्यावर पातेलं ठेवलं तर दिसलीच नसती. शेवटी खालच्या फळीवरून त्यानं एक काढली. बुटकी, बिडाची, चार पायांची. एकात एक तीन कडी आन कड्यांना बारीक बारीक भोकं, चाळणीला असत्यात तशी. मी दोन्ही हात टेकून तिच्यावर भार दिला. हालली नाय. पेटवली तर आवाज नाय, नुसती निळी निळी ज्योत, जुईच्या कळ्या लावल्यावाणी.

"ही," मी म्हणलं.

"मावशी, ताकद कमी आहे हिची. उकळेल, पण सावकाश. आणि भोकं साफ ठेवावी लागतात, काही सांडलं की बंद होतात."

पोरानं इचारलं, "वीस लिटर उकळंल का? खळखळ?"

"तिन्ही कडी नीट पेटली तर उकळेल. वारा नको लागायला."

पोरगा एकदा त्या उंच शेगडीकडं बघायचा, एकदा हिच्याकडं. मग माझ्याकडं बघितलं आन म्हणला, "बांधा ही." रिक्षात शेगडी मांडीवर घेऊन बसला, लेकरू घेतल्यावाणी.

घरी आणल्यावर नळी जोडून झाली तव्हा सांज झाली व्हती. सून कामावरून आली. पोरगा म्हणला, "आता पातेलंभर पाणी उकळून बघतो, किती येळ घेतं." मी म्हणलं, थांब. आधी दूध.

आमच्यात असंच हाय. नवी चूल असो, शेगडी असो, नवं घर असो, आधी दूध ठेवायचं आन ते उतू जाऊ द्यायचं. दूध सांडलं म्हणजे पुढं त्या घरात कशाला कमी पडत नाय. माझ्या सासूनं केलं, मी केलं, ह्या घरात आलो तव्हा सुनेनं केलं. आजबी नवी शेगडी आली तर मी आधी दूधच ठेवीन.

मी शेगडीच्या चारी पायांना हळदकुंकू लावलं. सून उंबऱ्यात बसून बघत व्हती.

"आत्याबाई, उद्या हिच्यावर दारू शिजणार, आन आज तुम्ही दूध दाखवताय. देव बी चक्रावंल."

"चक्रावू दे. इकडं बघंल तरी."

ती हसली. पोरगा बी हसला. त्यानंच आपल्या हातानं दूध ओतलं. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. साय धरली, कडंला बुडबुडं आलं, आन एकदम भसकन वर आलं. पातेल्याच्या चारी अंगांनी सांडलं, पण जास्ती उगवतीकडं. "बघ," मी म्हणलं, "उगवतीला गेलं. चांगलं हाय." पोरगा म्हणला, "जाऊ दे अजून थोडं." त्याला बी बरं वाटलं. उरलेल्या दुधात साखर घालून आम्ही तिघांनी घोट घोट घेतलं.

मग पाणी उकळून बघायचं ऱ्हायलंच. सून म्हणली, "उद्या तेच करायचंय ना, आज कशाला गॅस जाळता." घरात सिलेंडर एकच. बाहेरची शेगडी पेटली की आतली बंद. मी वरून ओल्या फडक्यानं पुसून घेतली, चकाचक.

सकाळी पोरानं अंघोळ केली, देवाला हात जोडले आन लागला. त्याचं ते सगळं बघून मला नवल वाटलं, कारण त्यात नवं काय नव्हतं. बाळाला नाचणीचं सत्व करतो ना आपण, मोड आणायचे, वाळवायचं, भरडायचं, तसंच ते जवाचं. घरातल्या शेगडीवर त्यानं पाणी कोमट केलं, कोमटापेक्षा जरा चढ, आन त्यात जव भिजवले. पाणी थंड ठेवायचा जाड डबा असतो ना, त्यात ऊब बी टिकती, त्यात झाकून, वर माझी गोधडी. मग ते पाणी गाळून काढलं. मधासारखा रंग. मला चाखायला दिलं. गोड, लय गोड. मी म्हणलं, "असंच प्यायचं की. कडू कशाला करतो?" तो म्हणला, "आई, असंच कोण इकत घेईल?"

आता ते गोड पाणी थांबत नाय. दुधावाणी असतं, ठेवलं की आंबतं, भलत्याच वासाचं व्हतं. लगेच उकळावं लागतं. त्यानं सिलेंडर बाहेर आणला, पातेलं शेगडीवर चढवलं आन पेटवलं.

बाहेरचं कडं पेटलं ते अर्धंच. मधलं पेटलं तर पिवळं. आतलं पेटलंच नाय. निळ्या कळ्या कुठं गेल्या काय माहीत. पिवळ्या जिभा नुसत्या पातेल्याला चाटायला लागल्या, बूड काळं व्हायला लागलं.

पोरानं बंद केलं. पातेलं आम्ही दोघांनी धरून उतरवलं. तो वाकला आन कड्यांचा वास घेतला. जळक्या दुधाचा वास. भोकांत दूध शिरलं व्हतं, वरच्या फडक्यानं ते काय निघतंय? आत जळून त्याची खपली झाली व्हती, दगडासारखी. त्यानं माझ्याकडं बघितलं नाय. म्हणला, "पिन दे, साडीची."

पिनेनं एक एक भोक टोकरीत बसला. सून दात घासायचा जुना ब्रश घेऊन आली. मी फुंकर घालत व्हते. काही मोकळी झाली, काहींत पिनेचं टोक मोडून बसलं. परत पेटवलं. थोडं बरं, पण पिवळंच. त्यात वारा सुटला, थंडीतला वारा, नदीकडून येतो तो. आम्ही पत्रा आडवा धरला. सून एका अंगाला, मी एका अंगाला. गुडघं दुखत व्हतं, पण ते काय आज सांगायचं.

पाणी तापलं. वाफा यायला लागल्या. कडंला बुडबुडं आलं. पण उकळी म्हणून येईना. दूध कसं भसकन वर आलं व्हतं आदल्या दिवशी, आन हे वर यायचं नाव घेईना. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं.

मी म्हणलं, "आतल्या शेगडीवर घेऊ, थोडं थोडं करून."

"चार पातेल्यांत चार चवी व्हत्यात, आई. मधे गार बी पडंल."

"मग तीन दगड मांडते."

"धूर नको."

वरून घरमालकीण वाकली. चांगली बाई हाय, पण नाक लांब. "काय हो मावशी, काय चाललंय तिघांचं? कसला वास येतोय, मका उकडताय का?"

"सत्व करतोय," मी म्हणलं. "नाचणीचं."

"एवढं? कुणाचं बारसं काढलं?"

"माझंच," मी म्हणलं. "परत जन्मायचं म्हणते."

ती हसत आत गेली. मी बघितलं तर पोराचं तोंड पडलेलं. मला वाटलं, परवानगीचं भ्या वाटलं. ते नव्हतं. मका म्हणली ना ती, त्याचं व्हतं. मला तव्हा काय ठाऊक.

शेवटी तो म्हणला, "झाकण ठेवू."

"तू तर म्हणत व्हता, झाकण ठेवायचं नाय. उघड्यावरच उकळायचं."

"नसतंच ठेवायचं. पण उकळीच येत नाय तर काय करू?"

त्यानं आपल्या हातानं परात उपडी घातली पातेल्यावर. सैपाक करणारं कुणी बी तेच करंल. झाकणाखाली थोड्या येळानं खदखद ऐकू आली. त्यानं फुलं टाकली आन परत परात घातली. सांजच्यापर्यंत तसंच केलं. मग बर्फाच्या टपात गार केलं, वरून खमिराची पुडी घातली, आन काचेच्या मोठ्या बरणीत भरून घरात माझ्या अंथरुणाच्या कोपऱ्यात ठेवलं. गोधडी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर फेस आला आन झाकणाला लावलेल्या नळीतनं बुडुक बुडुक आवाज यायला लागला. पोरगा तासन् तास त्याच्यापुढं बसायचा. सून म्हणायची, "माझ्यापुढं इतकं बसले असते तर." त्यावर बी तो हसायचा नाय. कान लावून ऐकायचा.

मला वाटायचं, व्हईल. फेस आलाय म्हणजे जीव हाय त्याच्यात. मी माळ वढता वढता मधेच त्या बरणीकडं बघायची. देवाला काय सांगायचं, दारू चांगली व्हऊ दे? मी नुसतं नाव घेत ऱ्हायले.

बाटल्या भरून, आणिक काही दिवस ठेवून, त्यानं नेल्या तव्हा मी बी संगं गेले. त्याच बाजूला माझ्या गुडघ्याचा डॉक्टर हाय, म्हणून गाडीवर मागं बसवलं. डॉक्टरकडून निघालो आन हॉटेलात गेलो. दिवसाचं हॉटेल रिकामं व्हतं, खुर्च्या टेबलावर पालथ्या. तो बिअर बनवणारा माणूस दाढीवाला, पोराहून लहान. मला बघून उठला. "आजी, या, बसा," म्हणला, आन लिंबाचं सरबत मागवलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं व्हतं.

त्यानं बाटली उघडली. फस आवाज आला. फेस चांगला आला, रंग चांगला आला. त्यानं गिलास उजेडात धरला आन मान हलवली, हो म्हणून. पोरगा खुर्चीच्या टोकावर बसला व्हता. मग दाढीवाल्यानं गिलास नाकाशी नेला.

वास घेऊन त्यानं गिलास खाली ठेवला. परत उचलला, परत वास घेतला. मग एक घोट.

"मका येतोय, दादा."

पोरगा खुर्चीत मागं सरकला.

"उकडलेल्या कणसाचा वास. उकळी कमी पडली की येतो हा. तो वाफेबरोबर उडून जायला लागतो. झाकण ठेवलं होतं का?"

"ठेवलं व्हतं."

"का? मी सांगितलं होतं ना."

मी तोंड उघडलं. मी सांगणारच व्हते, दुधाचं, भोकांचं, वाऱ्याचं, सगळं. पोरानं टेबलाखालून माझा हात धरला. घट्ट. त्या माणसाला म्हणला, "चुकलं माझं. शेगडी बरोबर घेतली नाय."

दाढीवाल्यानं गिलास बाजूला सारला. मग म्हणला, "बाकी चांगली झाली आहे, खरंच. खमीर नीट सांभाळलंय तुम्ही. पण इथं मोठ्या टाकीचा घाणा बिघडला तर मला जाब द्यावा लागतो. दुसऱ्या एकानं आणली, ती जमलीये. तो सोमवारपासून येतोय." आन वर, "पुढं जागा निघाली तर फोन करतो."

असं म्हणल्यावर पुढं काय व्हतं ते आम्हाला दोघांना बी ठावं व्हतं. सरबत मी सगळं प्याले. दिलेलं टाकू नये. निघताना त्यानं उरलेल्या बाटल्या परत दिल्या, पिशवीत घालून.

वाटंत पोरगा एकदाच बोलला. "गुडघा दुखतोय का?" मी म्हणलं, नाय.

घरी येऊन त्यानं बाटल्या मोरीत ओतल्या, एक एक करून. मोरीतून फेस वर आला, पांढरा. सून उभी राहून बघत व्हती. ती म्हणली, "एक तरी ठेवायची व्हती. मी चाखून बघितली असती." तो म्हणला, "मक्याचा वास येतो." ती म्हणली, "मला मका आवडतो." ती आत गेली आन पीठ मळायला बसली. लय जोरात मळत व्हती.

मग त्याच दुपारी तो शेगडी घेऊन अंगणात बसला. तिन्ही कडी सोडवली, गरम पाण्यात बुडवली, सायकलच्या तारेनं एक एक भोक साफ केलं. मोडलेली पिनेची टोकं बी काढली. मी म्हणलं, "आता कशाला?" तो म्हणला, "असू दे साफ." जोडून पेटवली तर सगळी निळी. एक भोक चुकलेलं नाय. जुईच्या कळ्या. आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसलो, जरा येळ. मग त्यानं बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं मलाच आचाऱ्याच्या लेकाला फोन लावायला सांगितलं. स्वतः नाय लावला. मी लावला. तो म्हणला, "मावशी, लय बेस झालं. पाठवा लगेच, तारखा लय हायेत." मी म्हणलं, "त्याला भट्टीवर नको, वाढायला घ्या." तो म्हणला, "वाढायला पोरं लय मिळत्यात, मावशी. भट्टीपुढं कुणी उभं राहत नाय. म्हणून तर." पोराच्या बापाचं त्याला बी ठावं हाय. त्याच्याच बापाच्या टोळीत झालं. पण त्याचं काम अडलं व्हतं आन आमचं बी.

तव्हापासून पोरगा भट्टीवर जातो. आधी जवळच्या कार्यालयांत, मग खेड्यात, रानात. मी म्हणलं, "आपली बुटकी शेगडी घेऊन जा." तो म्हणला, "तिच्यावर पन्नास माणसांचं व्हईल आई, पाचशेचं कसं व्हईल?" खरं हाय. मग मी नुसतं एवढंच म्हणते, "जमीन बघून मांड. फरशीवर मांड. पायाखाली पाट घाल." तो हो म्हणतो. हो तर बाप बी म्हणायचा.

पॅन्टवर तेलाचे डाग पडत्यात, निघत नायत. पहिल्या पहिल्यांदा भाजलेलं मला दाखवायचा, आता बाह्या खाली वढून घेतो. परवा हात धुताना म्हणला, "तिथं काय बोलायची गरज पडत नाय, आई. आवाजच इतका असतो. आम्ही हातानं बोलतो." मी म्हणलं, "मला ठावं हाय." मीठ कसं मागत्यात ते त्यानं करून दाखवलं. चिमूट. तशीच अजून.

ती तीन कड्यांची शेगडी अंगणात तुळशीजवळ असती. गुडघ्याला शेक म्हणून मला गरम पाण्यानं अंघोळ लागती, त्याचं पाणी तिच्यावर ठेवतो तो, काम नसंल त्या सकाळी. निळी पेटते, आवाज करत नाय. पाणी चांगलं खळखळ उकळतं. सून आतून ओरडती, "अहो, झाकण ठेवा की, किती गॅस जातोय!" तो ऐकतो, पण ठेवत नाय. उघड्या पातेल्यापुढं उकिडवा बसून वाफ जाताना बघतो. पाणी कव्हाचंच उकळलेलं असतं, तरी उठत नाय. मी टॉवेल घेऊन उभी असते.